न दचकणारं पिलू

माझ्या सासऱ्यांना माणसाची पारख अजिबात नव्हती. कुत्र्याची मात्र आहे, असं ते स्वतः सांगत आणि सगळा तालुका ते ऐकून घेई. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, बोरीपासून दीड कोसावर. घरी लांब तोंडाची, कमरेत बारीक अशी शिकारी जातीची एक कुत्री होती. रंगानं पांढरी, कानांवर तेवढी पिवळसर झाक. तिची पिलं मागायला पार पाथरीहून माणसं यायची. पिलू विकायचं नाही हा सासऱ्यांचा बाणा. मनात आलं तर द्यायचे, नाही तर चहा पाजून एसटीच्या वाटेला लावायचे. आमच्या घरचं पिलू कुणाच्या दारात आहे, यावरून त्या माणसाचं वजन ठरायचं. मला याचं हसू यायचं, पण नवी सून हसणार कुठं?

पिलं महिन्याची झाली की परीक्षा असायची. सासरे स्वयंपाकघरात येऊन पितळी परात उचलायचे. माझीच, रुखवतात आलेली. एका हातात परात, दुसऱ्या हातात खलातला बत्ता. पिलं अंगणात उन्हाला एकावर एक पडून झोपलेली असायची. तिथं दबकत जायचं आणि त्यांच्या डोक्यावर परात दणकन वाजवायची. पिलं किंचाळत, मुतत, वाट फुटेल तिकडं पळायची. पळाली ती सगळी बाद. एखादं पिलू मात्र कूससुद्धा बदलायचं नाही. ते उचलून सासरे छातीशी धरायचे. "दचकलं ते कुत्रं, न्हाई दचकला तो वाघ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असले वाघ त्यांनी तालुक्यातल्या मोठमोठ्या माणसांना दिले होते. त्यातला एक विहिरीत पडून मेला, एक बैलगाडीखाली आला, एकाचा ट्रकनं चेंदा केला. वाघ असेच मरतात, म्हातारे होऊन मरत न्हाईत, असं सासरे म्हणायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. आता उगाच शहाणपणा कशाला मिरवू, मीही डोलवायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचं पहिलं वादळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावात रगताची भाषा लय चालायची. कुणाचं रगत चोख, कुणाचं बाटलेलं, कोण कुणाच्या पोटचं. पारावर माणसांबद्दल जे बोललं जायचं तेच आमच्या ओसरीवर कुत्र्यांबद्दल, त्याच तोंडांनी, त्याच शब्दांत. सासू मी येण्याआधीच वारलेली. नवरा परभणीला कचेरीत कारकून, शनिवारच्या शेवटच्या एसटीनं यायचा आणि सोमवारी पहिल्या एसटीनं जायचा. त्या वर्षांत बंदांना काही तोटा नव्हता, बंद असला की तेही नाही. लेकरू झालं नव्हतं. आठवडाभर घरात मी, सासरे आणि ती कुत्री. बोलायचं कुणाशी, तर चुलीशी.

मला मांजर दिली ती एका धनगर बाईनं. माघात रान मोकळं व्हायला लागलं की त्यांची मेंढरं आमच्या शेतात बसायची. रानाला खत मिळायचं, मेंढरांना चारा. ती बाई पाणी न्यायला घरी यायची. पन्नाशीची, उंच, हातात कायम काठी. मी तिला मावशी म्हणायची. एकदा उंदरांनी ट्रंकेत माझा लग्नातला शालू कुरतडला म्हणून मी दारात बसून रडत होते. ती घागर भरून गेली. दुसऱ्या दिवशी आली ती ओच्यात मांजराचं पिलू घेऊन.

"शालू काय माघारी येत न्हाई, लेकी," म्हणाली. "पर ही बोलंल तुझ्यासंगं."

आणि खरंच बोलायची हो. करड्या रंगाची, पाठीवर काळे पट्टे. मी भाकरी थापायला बसले की माझ्या मांडीला पाठ टेकून बसायची आणि मी जे बोलेन त्याला बारीक आवाजात हुंकार द्यायची. नवऱ्याला न सांगितलेलं मी त्या मांजरीला सांगितलंय. सासऱ्यांचं तिच्याकडं लक्षही नव्हतं. उंदीर धरते ना, मग राहू दे, एवढंच.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा कुत्रीला एक वेत झालं आणि त्यात एक पिलू निघालं पांढरंशुभ्र. कानसुद्धा पांढरे. परात वाजली, बाकीची पळाली, हे झोपून. सासऱ्यांनी पुन्हा वाजवली. शेवटी बत्ता हातातून सुटून त्याच्या नाकाजवळ पडला, तेव्हा कुठं त्यानं डोळा उघडला, जांभई दिली आणि बत्ता चाटला. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पाहिलं. हा कुणालाच द्यायचा नाही म्हणाले. घरातच राहील, आणि मोठा झाला की ह्याच्यापासूनच वंश चालवायचा, आईवरच सोडायचा, म्हणजे बाहेरचं रगत नको.

आता घरात माझी मांजर जुनी आणि हे कुत्र्याचं पिलू नवं. एकानं दुसऱ्याला सोसायचं कसं हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं. नवं जनावर एकदम जुन्यापुढं टाकायचं नाही. म्हणून आठ दिवस पिलू गोठ्यात ठेवलं. त्याच्या अंगाखालचं पोतं आणून मी चुलीजवळ मांजरीच्या जागेवर टाकलं आणि मांजरीचं फडकं पिलाखाली घातलं, एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून. मग पिलाला खांबाला आखूड दोरीनं बांधायचं आणि मांजरीला वरच्या फळीवर दूध द्यायचं. मांजरीला चढायला वरची वाट कायम मोकळी ठेवायची. बाकीचं मांजरीवर सोडायचं. ती फिसकारते, गुरगुरते, नाकावर एक पंजा ठेवून देते, आणि चार दिवसांत पिलू शहाणं होतं. आईच्या घरी असंच झालं होतं, आमच्याकडंही बरंचसं झालं. पिलू समोरून आलं आणि मांजरीनं पाठ वर काढली, शेपूट फुगवली की ते थांबायचं. दोघं उन्हाला हातभर अंतरावर झोपायला लागली. मला वाटलं, जमलं बुवा.

एक गोष्ट मात्र खटकायची. मांजर बाजेखाली बसून गुरगुरली तर पिलू बेलाशक आत घुसायचं आणि मग मार खाऊन बाहेर यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाकावर खपल्या धरलेल्या असायच्या. मी म्हणायची, कसलं मेलं मठ्ठ आहे! सासरे म्हणायचे, मठ्ठ न्हाई, भ्यायची जातच न्हाई त्याची.

श्रावणात मांजर व्याली. धान्याच्या कणगीमागं अंधारात एक फुटकी टोपली होती, तिच्यात. तीन पिलं. कुत्र्याचं ते पिलू, आमचा पांढरा, तेव्हा सहा महिन्यांचा, माझ्या मांडीएवढा उंच झालेला. मी दाराला कडी लावायची, पण त्या दिवशी पाऊस आला म्हणून वाळवण उचलायला बाहेर पळाले आणि कडी राहिली.

आत मांजर गुरगुरली ते मी अंगणातून ऐकलं. बाळंतीण मांजर कशी गुरगुरते हे ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको, कुठलंही कुत्रं त्या आवाजाला उंबऱ्यावरूनच माघारी फिरतं. मी धावत आले तेव्हा पांढरा कणगीमागं अर्धा शिरलेला होता आणि त्याची शेपटी हलत होती. तो भांडायला गेलाच नव्हता. वास आला म्हणून बघायला गेला होता, इतकंच. मांजरीनं उडी घेऊन त्याचा डोळा धरला आणि त्यानं दचकून जबडा मिटला. मी मागून ओरडले, हात् हात् केलं, शेवटी हाताला आली ती परात त्याच्या पाठीमागं बडवली. बडव बडव बडवली. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग मी त्याच्या कमरेवर हात टाकला, तसा तो असा दचकला की भिंतीवर जाऊन आदळला.

मांजरीचा कणा मोडला होता. ती तासभर जिवंत होती आणि तेवढा वेळ मी तिला मांडीवर घेऊन बसले. पिलं दोन दिवसांनी गेली. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पाहिलं, पण डोळे न उघडलेली पिलं ती.

संध्याकाळी सासरे शेतातून आले. पाहिलं आणि म्हणाले, मांजर मारलं, आत्ताच! आणि हसले. दुसऱ्या दिवशी पारावर सांगून आले की सहा महिन्यांचं पिलू, पर बाळंत मांजरीला भ्यालं न्हाई. मला म्हणाले, दुसरं आणू मांजर, मांजराला काय तोटा हाय. मी भाकरी थापत होते. थापताना भाकरीचा तुकडा पडला. माझ्या मांडीला टेकायला त्या दिवशी कुणी नव्हतं.

पुढचे काही दिवस मी पांढऱ्याची परीक्षा घेतली, माझ्या पद्धतीनं. झोपला की मागं तांब्या टाकायची, टाळी वाजवायची, त्याच्या कानाशी हाक मारायची. काही नाही. जमिनीवर पाय आपटला तर मात्र उठायचा, हादरा कळायचा त्याला. ठार बहिरा होता. परातीला तो भीत नव्हता, परात त्याला ऐकूच येत नव्हती. आणि आजवर सासऱ्यांनी छातीशी धरलेले सगळे वाघ कोण होते, विहिरीत आणि चाकाखाली कसे गेले, तेही मला तिथंच, त्या अंगणात कळलं.

मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण राग, राग बघा कसा असतो. माझ्या मांजरीचं मरण त्यांनी पारावर मिरवलं होतं. मी मनात म्हटलं, मिरवा. ज्याच्या जिवावर मिरवताय त्यालाच वंश चालवायला ठेवलंय ना, मग चालवा. तुमच्या त्या चोख रगताची होऊ दे एकदा माती. आणि मी मूग गिळून बसले.

पुढच्या माघात मावशी आली तेव्हा मांजर कुठंय म्हणून तिनंच विचारलं. कुत्र्यानं मारली म्हणून मी सांगितलं. ती बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जनावराची जात, लेकी, त्याला काय कळतंय, म्हणाली. चांगलं पिलू मिळालं की आणीन तुझ्यासाठी. तिलाही मी बहिरेपणाचं सांगितलं नाही.

सांगितलं एकालाच. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर बैलांना लस टोचायला आला होता. मी त्याला पांढरा दाखवला. त्यानं मागून चुटक्या वाजवल्या आणि मान हलवली. पांढऱ्या रंगात हे निघतं म्हणाला, सगळ्यात नाही, पण निघतं. असल्या कुत्र्यावर पैदास धरायची नसते, आईवर तर मुळीच नाही, आणि ही पिलं लोकांना द्यायची तर आधी सांगून द्यायची, जीव जातो बाई त्यांचा. म्हाताऱ्याला मी सांगू का, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, नको, मी सांगते. तो माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सायकलवर बसून गेला.

आणि यात काही फार मोठं शास्त्र होतं असंही नाही. माझ्या माहेरी गोऱ्हा मोठा झाला की त्याला आईच्या दावणीला ठेवत नसत, वळू परगावचा बघत. सासरेही बघत. गायीच्या बाबतीत त्यांना सगळं कळत होतं.

आश्विनात कुत्री माजावर आली. सासऱ्यांनी तिला आणि पांढऱ्याला गोठ्यात कोंडलं आणि बाहेर बाज टाकून स्वतः राखणीला बसले. दोन वेळची भाकरी मी नेऊन दिली. तिथं उभी राहून मी तोंड उघडलं असतं तर ते उठून दार उघडायला दहा पावलांवर होते. मी ताट ठेवलं आणि पाणी हवंय का म्हणून विचारलं.

आठ पिलं झाली. दोन मेलेलीच आली, दोघांना आचळ धरता येईना, ती आठवड्यात गेली. राहिली चार, चारही दुधासारखी पांढरी. महिना झाल्यावर सासरे स्वयंपाकघरात आले, पण परात त्यांनी उचलली नाही. हात भरून आलाय म्हणाले, या वेळेला तू वाजव, सूनबाई. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी नजर दुसरीकडं नेली. वय झालं म्हणून असेल, असं मला वाटलं.

मी वाजवली. एक पिलू किंचाळून तुळशीवृंदावनामागं पळालं. तीन झोपून राहिली. जमलेली माणसं वाहवा करायला लागली, एका वेतात तीन-तीन! सासऱ्यांनी वाघाचं वाक्य म्हटलं नाही. लोकांनीच ते म्हटलं.

पळालेलं पिलू बाद म्हणून फाट्यावरच्या चहावाल्याला फुकट दिलं. तेवढं एकच कानानं धड होतं. ते बारा-तेरा वर्षं जगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जीपवर भुंकलं. तिघांपैकी एक पाथरीकडं गेलं, एक जिंतूरच्या एका बड्या घरी. तिसरं मागायला मावशी आली. ती किती वर्षांची मागत होती. त्या वर्षी डोंगराकडून लांडगे फार उतरायला लागले होते, मेंढरांना राखण पाहिजे म्हणाली. सासरे आधी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, स्वतः विणवून आणलेलं घोंगडं घेऊन. सासरे पुन्हा नाही म्हणाले, पण बघणाऱ्यांनी त्यांना बोल लावला की बड्यांना देता आणि गरिबाला देत नाही. मग त्यांनी हातानंच खूण केली, ने म्हणून.

पिलाच्या गळ्यात दोरी मी बांधून दिली. गाठ घट्ट बसली ना, म्हणून मावशीनं बोट घालून पाहिलं. तिचं तोंड एवढं आनंदलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, देवाशपथ आलं होतं. पण आता सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. राग कधीच विझला होता, आता नुसती लाज राहिली होती. मी तिला म्हटलं, जपून न्या.

पुढच्या वर्षी माघ सरत आला तरी त्यांची मेंढरं आली नाहीत. फाल्गुनात एका दुपारी ती एकटीच आली, काठी टेकत. सासऱ्यांना तोवर दमा लागला होता, ते ओसरीवर बाजेवर पडून असायचे. पांढरा फाटकाच्या आत वाटेतच आडवा झोपलेला होता. कुत्री पुन्हा गाभण होती, त्याच्याचकडून. मावशी पांढऱ्याला वळसा घालून आली आणि ओसरीच्या पायरीवर बसली. मी पाणी दिलं. मेंढरं कुठं बसलीत औंदा, मी विचारलं.

"मेंढरं कुठली, लेकी. निम्मी गेली लांडग्यात, निम्मी इकली. आता दुसऱ्याची वळायलेय."

मग तिनं सगळं सांगितलं, शांतपणे, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. लांडगे आले तेव्हा बाकीची दोन कुत्री भुंकत पालाकडं पळाली. आमच्याकडचं पिलू कळपाच्या कडेला बसलं होतं ते बसूनच राहिलं. पाठीमागून लांडगा आला तरी त्यानं मान वळवली नाही. सकाळी पाहिलं तर बसल्या जागीच नरडं फोडलेलं. त्या कडेनंच लांडगे आत शिरले होते. कोकरं सगळी गेली.

"पर पळालं न्हाई बघा, मालक," ती सासऱ्यांना म्हणाली. "लय निधड्या छातीचं. तसलंच एक द्या औंदाच्या वेतातलं. एका कुत्र्याच्यानं व्हत न्हाई, दोन असले पायजेत." आणि माझ्याकडं वळून तिनं ओचा सोडला. आत करड्या रंगाचं मांजराचं पिलू होतं, पाठीवर काळे पट्टे. "तुझं राहिलं व्हतं ना," म्हणाली.

माझ्यानं ते बघवेना. मी आत गेले, परात आणि बत्ता घेऊन बाहेर आले. झोपलेल्या पांढऱ्याच्या मागं उभी राहिले आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या बळानं परात वाजवली. लिंबावरचे कावळे उडाले. गोठ्यात बैलांनी दावी ताणली. मांजराचं पिलू मावशीच्या ओच्यात नखं रुतवून आत घुसलं. पांढरा झोपून होता. परातीला त्या दिवशी पडलेला पोचा अजून आहे.

"मावशी, ते निधडं नव्हतं," मी म्हटलं. "बहिरं होतं. ह्यो बी बहिरा हाय. पोटात हायेत ती बी निघतील."

ती पांढऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुला कव्हापासून ठावं?"

"माझी मांजर मेली तवापासून."

"म्हंजी दोरी बांधून दिलीस तवा ठावं व्हतं."

"होतं."

तेवढ्यात बाजेवरून सासरे बोलले. आवाज इतका बारीक की आधी मला ते खोकलेच वाटले. "मला बी ठावं व्हतं," म्हणाले. "आईवर सोडायच्या आधीपासून. शेतात हाका मारून मारून कळलं." धाप लागून ते थांबले. "इतक्या लोकांना वाघ म्हणून दिलेले. आता आपणहून कसं म्हणावं? कुणीतरी म्हणंल म्हणून वाट बघायलो व्हतो. तू वाजवलीस परात, तवा वाटलं तू म्हणशील."

मी त्यांच्याकडं पाहिलं. दोन-अडीच वर्षं एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, आम्ही दोघं एकच गोष्ट पोटात धरून बसलो होतो. मी त्यांची फजिती बघायला आणि ते माझ्या तोंडाकडं बघत. माझं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. माझीच किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

मावशी उठली. तिनं आम्हाला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं मांजराचं पिलू नीट ओच्यात घेतलं आणि ओचा पुन्हा खोचला.

"हितं न्हाई ठेवत मी हिला," एवढंच म्हणाली.

पाणी तिनं प्यायलं नव्हतं, तांब्या पायरीवर तसाच भरलेला. ती फाटकाकडं चालायला लागली. पांढरा अजून वाटेत आडवा झोपलेला होता, तिच्याकडं पाठ करून. येताना तिनं त्याला वळसा घातला होता. आता ती थांबली, वाकली आणि काठीचं टोक त्याच्या जवळ जमिनीवर हळूच दोनदा ठोकलं. त्याला हादरा कळला, त्यानं डोळे उघडले, ती दिसली, आणि तो शेपटी हलवत उठून बाजूला झाला. आम्ही त्याला ओलांडून जायचो, लाथेनं सरकवायचो, आणि तो दर वेळी दचकून उठायचा. त्या दिवशी तो दचकला नाही.